डावं मागचं चाक

माझा नवरा हँडब्रेक विसरत नाही. पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा आमचा अभिजित पुण्याहून फोनवर नुसतं "हं" म्हणाला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "आई, तू बाबांची बाजू घेतेस." घ्या! मी या माणसाची बाजू कधी घेतली ते इथे बडोद्याच्या कारेलीबागेत कुणालाही विचारून बघा. आमची भांडणं समोरच्या सोसायटीत ऐकू जातात. पण जे नाही ते नाही. हे हँडब्रेक विसरत नाहीत, कारण मी मागे बसून रोज बघते.

गाडी निघायच्या आधी यांचा डावा हात खाली जातो, कट् असा आवाज होतो, हँडब्रेक सुटतो आणि मगच गाडी हलते. एकदासुद्धा चुकलेलं नाही. तरी मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक जळत होता आणि उजव्याचा जसाच्या तसा होता. असं का, ते आम्हा दोघांना काही केल्या उलगडत नव्हतं. बाकी सगळ्यांना उलगडलं होतं. म्हातारा विसरतो, झालं!

गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी व्हॅन. मणक्यातल्या गाठीनं माझं कमरेखालचं अंग गेलं, तेव्हा हे नुकतेच रेल्वेतून रिटायर झाले होते. जन्मभर बडोद्याच्या यार्डात मालगाडीच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, तपासलेल्या, हाताला लोखंड लागलं नाही तर जेवण गोड लागायचं नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि आमचे विश्वंभरपंत अंगणात व्हॅनच्या मागच्या सीटा उपटताहेत. मागून चढायला रॅम्प केला. आत लोखंडी प्लेट टाकली, ती लांब बोल्ट मारून तळाला कसली, माझी चाकाची खुर्ची अडकवायला पट्टे लावले. म्हणाले, "चल शालू, कुठे जायचं बोल." मी रडले होते त्या दिवशी, खोटं कशाला सांगू.

सुरुवातीला प्लेट मधोमध होती. तिथून मला पुढच्या दोन सीटांच्या पाठी आणि काचेचा तुकडा एवढंच दिसायचं. "मला काय पार्सल समजलात?" म्हणून मी डोकं खाल्लं, तेव्हा यांनी कुरकुरत प्लेट डावीकडे, खिडकीला सरकवली. तेव्हापासून माझं राज्य. खंडेराव मार्केटबाहेर गाडी लावायची आणि खिडकीतून भाजीवालीशी घासाघीस करायची. "मासी, तमे तो गाडीमां बेठां बेठां लूंटो छो," असं ती म्हणायची आणि मला इतकं बरं वाटायचं! घरात बसून कोणाला लुटणार? ही व्हॅन गेली की मी परत भिंतीकडे तोंड करून पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तर ब्रेक. चाकाच्या आत ब्रेकच्या दोन पट्ट्या असतात, लायनर म्हणतात त्यांना. त्या घासल्या की चाक थांबतं. आमच्या डाव्या चाकाचे लायनर बघता बघता संपायचे. उजवीकडचे काढून बघावेत तर नवे कोरे. शहराच्या टोकाला छाणी आहे, तिथला पीयूष आमचा मेकॅनिक, पोरगा सज्जन. गाडी नेली की आधी मला उतरवून घेणार. "मासी, तमे छांयडे बेसो, चा पीवो," म्हणून झाडाखाली पंखा लावून देणार, मग गाडी वर घेणार आणि चाक हातानं फिरवून बघणार. चाक मजेत फिरायचं. "काई नथी, काका," असं म्हणून तो नवे लायनर बसवायचा आणि आम्ही घरी यायचो. पुन्हा थोड्या दिवसांनी तोच जळका वास. त्यानं केबल बदलली, चाकाचा सिलिंडर बदलला, ड्रम बदलला. शेवटी दमला आणि एक दिवस अभिजितला फोनवर म्हणाला, "काका हँडब्रेक खेंचीने ज गाडी चलावे छे, अभिजितभाई. बीजुं काई नथी." म्हणजे हे हँडब्रेक ओढलेला ठेवूनच गाडी हाकतात, दुसरं काही नाही!

यांनी किती समजावलं अभिजितला! "अरे, हँडब्रेक दोन्ही चाकांना ओढतो. मी विसरलो असतो तर उजवं का नाही जळत?"

"उजवीकडची केबल सैल असेल, बाबा."

"दोन्ही नव्या आहेत."

"मग डावीकडची जास्त ताणली असेल."

ज्याचा निकाल आधीच लागलाय त्याच्यापुढे साक्षीपुरावे काय कामाचे? आणि अभिजितची यादी तयार होती. बाबांनी परवा एकच फोन दोनदा केला. बाबा अकोट्याच्या पुलावरून उतरताना रस्ता चुकले. बाबांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. अरे, मी उभ्या जन्मात पन्नास वेळा दोनदा मीठ घातलंय, तुझा बाप मुकाट्यानं जेवलाय! आणि रस्ते काय, रोज नवा पूल बांधतात, मेलं कुणालाही चुकायला होईल. मी असं तावातावानं बोलायचे आणि अभिजित ऐकून घ्यायचा. त्याचं ते ऐकून घेणं मला जास्त झोंबायचं.

मग जुन्या पादरा रोडवर ते झालं. चाक धरलं, गाडी एकदम डावीकडे खेचली गेली, कडेच्या नारळाच्या हातगाडीला जेमतेम चुकवून थांबली. चाकातून धूर. नारळवाल्यानं शहाळ्याचं पाणी चाकावर ओतलं, पोरं व्हिडिओ काढत होती, आणि मी पट्ट्यांनी बांधलेली आत बसून ओरडत होते. कुणीतरी तो व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. अभिजितनं शनिवारची गाडी पकडली.

त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं. व्हॅन विकायची. आईला पुण्याला न्यायचं, त्याच्या घराजवळ माझ्यासारख्यांची काळजी घेणारं एक चांगलं ठिकाण आहे, तिथे ठेवायचं. "आणि बाबा?" मी विचारलं. म्हणाला, "बाबाही येतील हळूहळू." येतील कसले! हा माणूस बडोदं सोडून एका रात्रीवर कुठे राहिलेला नाही. म्हणजे मी तिकडे आणि हे इकडे, एकट्याची आमटी करून खाणार. अभिजित वाईट मुलगा नाही हो. त्याचे डोळे सुजलेले होते. पण रविवारी जेवण झालं तसं तो म्हणाला की अलकापुरीत एकजण व्हॅन घ्यायला तयार आहे, त्याला भेटून येतो, आल्यावर बाबांनी किल्ली द्यायची. यांनी किल्ली खिशात घट्ट धरली. तो रिक्षात बसून गेला.

हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "शालू, खरं सांग. मी विसरतो का गं?"

असला आवाज मी यांचा कधी ऐकला नव्हता. "हँडब्रेक? कधीच नाही," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांनी बघते ना रोज. तुम्ही नाही, ती मेली गाडी लबाड आहे. चला, अभिजित यायच्या आत शोधू."

"पीयूषला सापडलं नाही, मला काय सापडणार?"

"पीयूषनं वाघिणी तपासल्यात का?"

ते जरा हसले. मला अंगणात सावलीत बसवलं, व्हॅनची डावी बाजू जॅकवर घेतली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि चाक फिरवलं. फिरलं. भिंगरीसारखं फिरलं. पुन्हा फिरवलं. हँडब्रेक ओढला, चाक अडलं. सोडला, सुटलं. सगळं यथास्थित! यांनी चाकावर थाप मारली आणि जमिनीवर बसकण मारली. टोपी काढून तोंड पुसलं. मला तो घाम होता की दुसरं काही, ते कळलं नाही. मी त्यांना हाक मारली नाही.

वैशाखाचं ऊन. सोसायटी जेवून झोपलेली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग आला की माझं डोकं चालतं. यार्डातली एक गोष्ट यांनी मला हजार वेळा ऐकवलीय. वाघिणीला म्हणे एक हँडल असतं, रिकामी आणि भरलेली असं बदलायचं. कारण रिकाम्या वाघिणीचा ब्रेक वेगळा वागतो आणि भरलेल्या वाघिणीचा वेगळा. नव्या पोरांना हे दम भरायचे, रिकामी तपासून भरलेलीची हमी देऊ नका म्हणून.

"अहो," मी म्हटलं, "ही गाडी तुम्ही कायम रिकामीच तपासता."

"म्हणजे?"

"जळते तेव्हा मी आत असते. तपासता तेव्हा मी झाडाखाली चहा पीत असते!"

त्यांनी माझ्या खुर्चीकडे बघितलं, मग गाडीकडे. मग मान हलवली. "नाही. जॅकवर चढवलेल्या गाडीत जिवंत माणूस ठेवायचा नाही. यार्डाचा नियम आहे."

"यार्ड गेलं चुलीत. मला आत घाला."

"शालू, जॅक सरकला तर?"

"सरकला तर एकदाची सुटेन. पुण्याला त्या ठिकाणी छताकडे बघत मरण्यापेक्षा बरं." हे मी चिडून म्हटलं, पण ते खरंच होतं. ते जॅककडे वळले. गाडी खाली उतरवली, रॅम्प लावला, मला आत ढकललं, पट्टे बांधले. मग पुन्हा जॅक. इंच इंच वर घेताना तोंडानं "राम राम" चालू होतं. ठोकळे लावले, दोनदा हलवून बघितले. मग चाकाला हात घातला.

चाक हललं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. पाय टेकवून ओढलं. ढिम्म! "अडलंय," ते म्हणाले, आधी हळू आणि मग ओरडूनच, "शालू, अडलंय गं! अडलंय!" आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले. खालून हसण्याचा आवाज यायला लागला. बाहेर आले ते ग्रीसनं माखून, साठी उलटलेला माणूस पोरासारखा नाचत. प्लेट डावीकडे सरकवली तेव्हा बोल्टही डावीकडे आले. त्यातल्या एकाचं टोक बरोबर डाव्या हँडब्रेकच्या केबलवर होतं. मी बसले की तळ दबायचा, टोक केबलवर रुतायचं, केबल ताणली जायची आणि डावा ब्रेक आपोआप लागायचा. मी उतरले की सगळं सुटायचं. "माझाच बोल्ट!" ते म्हणाले. "मीच मारलेला बोल्ट! बोटभर कापला की संपलं!"

मी खिडकीतून हात बाहेर काढला, तो त्यांनी दोन्ही हातांत धरला. ग्रीस, माती, सगळं. "सांगितलं होतं ना," मी म्हटलं, "तुम्ही विसरत नाही म्हणून?"

हॅकसॉचं पातं बोथट झालं होतं. नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून नवं आणायला हवं होतं. "अशीच बस, हलू नकोस, हा आलोच," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली. मला खाली उतरवायचं त्यांना सुचलं नाही, मलाही सुचलं नाही. नाका तो केवढासा दूर!

मी बसून राहिले. आनंदात बसले होते. अभिजितला कसं सांगायचं, काय शब्दांत सांगायचं, सगळं मनात जुळवत होते. ऊन सरकत सरकत माझ्या मांडीवर आलं, मग छातीवर. रॅम्प अर्धवट वर लोंबत होता. फोन घरात चार्जिंगला. हॉर्न पुढे, माझा हात पोचत नव्हता. दुकान बंद असेल, मी मनाशी म्हटलं, रविवार आहे, पुढच्या नाक्यावर गेले असतील. घसा कोरडा पडला. मग वाटलं, अपघात! ते गाडीखाली आलेत, रस्त्यात पडलेत, असं काय काय डोळ्यांपुढे यायला लागलं. मी हाका मारल्या. झोपलेल्या सोसायटीत कुलरच्या घरघरीत कोणाला ऐकू जाणार? देवा, त्यांना काही होऊ देऊ नकोस, बाकी काहीही होऊ दे, असं मी म्हणत राहिले.

आधी अभिजित आला. रिक्षातून उतरला तो धावतच. "आई! कुणी चढवलं तुला वर? बाबा कुठायत?"

"पाणी," मी म्हटलं. पाणी पिऊन झालं आणि त्याला पहिलं हे सांगितलं, "चाक फिरवून बघ."

"आई, आधी तुला खाली..."

"चाक फिरव म्हणते ना!"

त्यानं फिरवलं. अडलेलं. मग मी सगळं सांगितलं, बोल्ट, केबल, प्लेट. तो पालथा पडून गाडीखाली बघून आला. गुडघ्यावरच बसून राहिला. "म्हणजे बाबा विसरत नव्हते," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा एवढासा झाला. "मी काय काय बोललो गं त्यांना. माफी मागतो आल्यावर. त्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगतो." त्यानं खरंच फोन काढला आणि सांगितलं. मी जिंकले होते. जन्मात इतकी जिंकले नव्हते.

तेवढ्यात स्कूटर आली. जीव भांड्यात पडला. धडधाकट होते, टोपी डोक्यावर होती, स्कूटरला पिशवी लटकत होती. त्यांनी स्टँड लावला, आमच्याकडे बघितलं आणि चेहरा लालबुंद झाला.

"अभिजित! अक्कल आहे का तुला?" ते गरजले. "गाडी जॅकवर, आणि आत जिवंत माणूस? कुणी चढवली ही? अगं शालू, तू तरी! तू अशी वर काय करतेस?"

अभिजितनं माझ्याकडे बघितलं.

"छाणीला गेलो होतो," हे पिशवी वर करत म्हणाले. "पीयूषच्या घरून नवे लायनर घेऊन आलो. डावीकडचे परत संपलेत. काही कळत नाही बघ कशानं संपतात ते. आज शोधूच."

त्यांच्या बाह्यांवर अजून ते ग्रीस होतं. बोटांवर होतं, माझ्याही बोटांवर होतं.

अभिजितचे ओठ हलले. मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. मला मोठ्यानं किंचाळायचं होतं. रोज समोर तो हात बघत होते मी, हँडब्रेकवर जाणारा, कधी न चुकणारा, आणि त्या हाताच्या भरवशावर सगळ्या जगाशी भांडत होते. हाताला चाळीस वर्षांची सवय होती. तासाभरापूर्वी नाचलेला तो आनंद मात्र त्यांच्याजवळ नव्हता. तो आता माझ्या एकटीजवळच होता.

"मीच म्हटलं अभिजितला," मी म्हणाले. "रागावू नका. आम्हाला सापडलं काय झालंय ते. तो बोल्ट कापतो, तुम्ही सांगा त्याला कसा कापायचा."

"सापडलं?" त्यांचा चेहरा उजळला. "काय सांगतेस! कुठे होतं गं?"

अभिजितनं मला खाली घेतलं. आतून जुनं बोथट पातं आणून तो गाडीखाली शिरला आणि हे शेजारी उकिडवे बसून त्याला सांगत राहिले, हळू, घाई नको, केबलला लागेल, असं. खालून करवतीच्या आवाजाबरोबर अभिजितच्या नाकाचा सूं सूं आवाज येत होता. "धूळ गेली वाटतं," हे म्हणाले. बोल्टाचा तुकडा पडला. यांनी तो उचलून उन्हात धरला, कौतुकानं बघितला. मग मला पुन्हा व्हॅनमध्ये बसवून आधी डावी, मग उजवी बाजू जॅकवर घेऊन चाकं फिरवून बघितली. माझ्या भारासकट, दोन्ही चाकं सारखी फिरली. पहिल्यांदाच ती गाडी अगदी बिनदोष झाली होती.

"चल, कमाटीबागेत एक चक्कर मारू," हे म्हणाले आणि पुढच्या दाराकडे वळले.

"अहो," मी हाक मारली. "किल्ली इकडे द्या."

अभिजितनं मागितली असती तर त्यांनी दिली नसती, जीव गेला तरी दिली नसती. माझ्या हातात त्यांनी ती लगेच ठेवली. का, असं विचारलंसुद्धा नाही.